जुना पियानो घरी आणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागून सुट्ट्या सुरू झाल्या की दरवर्षी याच सुमारास बेळगावच्या कॅम्प, टिळकवाडी, हिंदवाडीतून एकच विचारणा होते. कुणाची बदली झालेली असते, कुणी बंगला विकून मुलांकडे निघालेले असते, कुणाच्या गोव्याच्या नातलगाकडे आजीच्या काळातला पियानो धूळ खात पडलेला असतो. इकडे आठ-नऊ वर्षांची पोर कीबोर्डवर बऱ्यापैकी बोटे चालवू लागलेली असते. ‘‘स्वस्तात मिळतोय, घेऊ काय नको?’’ पियानो आणि पेटी जुळवण्याचे व दुरुस्तीचे काम आम्ही करतो. या प्रश्नाचे उत्तर वाद्य उघडून बघितल्याशिवाय देता येत नाही. पण काय बघायचे हे ठाऊक असले तर निम्मी तपासणी पालक स्वतः करू शकतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या या गावात पेटी पुष्कळ घरांत आहे आणि पेटीवरूनच लोक पियानोचा अंदाज बांधतात. गफलत तिथेच होते. पेटीतली रीड पितळेची. एकदा घासून सुरात आणली की वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. पियानो हे तारांचे वाद्य आहे. पट्ट्या ८८, पण तारा साधारण सव्वादोनशे. खर्जात एका पट्टीला तांबे गुंडाळलेली एकच जाड तार, मग दोन-दोन, आणि मधल्या सप्तकापासून वर तीन-तीन. एकेका तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण आणि सगळ्यांचा मिळून १५ ते २० टनांचा. तो ताण बिडाची चौकट पेलते. सूर मात्र खुंट्यांच्या भरवशावर असतो, आणि या खुंट्या टणक लाकडाच्या थरांनी बनवलेल्या ठोकळ्यात, म्हणजे पिनब्लॉकमध्ये, केवळ घर्षणावर घट्ट उभ्या असतात. लोक पॉलिश बघतात, झाकणावरचे सोनेरी नाव बघतात. आम्ही आधी खुंट्या बघतो.

आपल्या हवेत या ठोकळ्याचा दरवर्षी कस लागतो. मृगापासून गणपतीपर्यंत बेळगाव-खानापुरात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते आणि पियानोचे लाकूड फुगते. तेच लाकूड फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आकसते. साठ-सत्तर वर्षे असे फुगणे-आकसणे चालले की खुंटीभोवतीची पकड सैल होते, नाहीतर ठोकळ्याला चीर जाते. अशा पियानोत ट्यूनरने सकाळी लावलेला सूर आठवड्याभरात उतरतो. ठोकळा बदलायचा तर सगळ्या तारा आणि चौकट काढावी लागते, आणि तो खर्च साध्या घरगुती पियानोच्या किमतीच्या पुढे जातो.

घरी करता येण्यासारखी पहिली चाचणी फोनची. सूर मोजणारे ॲप घ्यावे आणि कुलपाच्या छिद्राजवळच्या पांढरी एकपासून (दोन काळ्यांच्या जोडीलगतची डावीकडची पांढरी) उजवीकडे पांढऱ्याच मोजत पांढरी सहा दाबावी. ४४० (हर्ट्झ) आकडा यायला हवा. दोन-तीन वर्षे हात न लागलेल्या पियानोत ४३५ आले तर चिंता नको. ४२८च्या आसपास असेल तर सूर अर्ध्या पट्टीइतका खाली गेला आहे. ४१५ आला तर पांढरी सहा दाबून काळी चार ऐकू येते आहे. म्हणजे घरातल्या पेटीसोबत ते पोर वाजवायला बसले तर एकही सूर जुळणार नाही. तो पियानो जागेवर आणायचा तर तारांवरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी, म्हणजे दोनेक टनांनी वाढवावा लागतो. एका बैठकीत ते होत नाही. एकदा ढोबळ चढवायचे, मग बारीक जुळवायचे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसायचे. तारा गंजलेल्या असतील तर चढवताना काही तुटणारच, हे विकणाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे.

पण नुसता उतरलेला सूर वेगळा आणि न टिकणारा सूर वेगळा. सगळा पियानो सारखाच खाली असेल तर तो बहुधा केवळ दुर्लक्षित आहे आणि सुधारू शकतो. एखाद-दीड सप्तकाचाच पट्टा विस्कटलेला असेल, तिथल्या एकेका पट्टीच्या तीन तारा एकमेकींशी भांडून ‘वां-वां-वां’ अशा हेलकावत असतील आणि शेजारचे सूर ठीक असतील, तर त्या भागात ठोकळा फुटल्याची शंका धरावी.

आता टॉर्च घेऊन आत बघावे. उभ्या पियानोचे वरचे झाकण उघडले की समोरच्या फळीच्या आतल्या बाजूला दोन्ही टोकांना लाकडी किंवा धातूच्या फिरक्या दिसतात. त्या फिरवल्या की फळी सुटून हातात येते, म्हणून दुसऱ्या माणसाने ती धरून ठेवावी. गुडघ्याजवळची खालची फळी पट्ट्यांच्या तळाशी असलेल्या लोखंडी स्प्रिंगपट्टीने अडकवलेली असते. पट्टी वर दाबायची आणि फळी आपल्याकडे ओढायची. विकणारा उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरावे.

वर खुंट्यांच्या रांगा दिसतील. प्रत्येक खुंटीला तारेचे साधारण तीन वेढे असतात आणि खालचा वेढा व चौकट यांच्यात थोडी फट असते. वेढे चौकटीला टेकलेले असतील तर खुंट्या ढिल्या झाल्यामुळे कुणीतरी ठोकून आत घातल्या आहेत. खुंटीच्या मुळाशी काळसर चकचकीत डाग, पुठ्ठ्याचे किंवा पॉलिश पेपरचे तुकडे, मध्येच चार जाड खुंट्या, हीही त्याच दुखण्याची लक्षणे. तारांवर तपकिरी झाक चालते. बोट फिरवल्यावर पापुद्रे सुटत असतील तर चालत नाही. किनाऱ्यावरून चोर्ला किंवा अनमोड घाटाने वर आलेल्या पियानोत खारट हवेचा हा गंज फार दिसतो. खर्जाच्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून डबा बडवल्यासारख्या वाजत असतील तर त्या नव्या करून घ्याव्या लागतात. बिडाच्या चौकटीला तडा असेल तर पुढे काहीच बघू नये. मागच्या पातळ साउंडबोर्डला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, मात्र एखादी चीर असणे तेवढे गंभीर नाही. वाजवताना ती झणझणत नसेल तर पियानो वर्षानुवर्षे चालतो.

तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरची बनात (फेल्ट) बघावी. तारांनी पाडलेल्या खाचा उथळ असतील तर घासून नीट होतात. वरच्या सप्तकात बनात झिजून आतले लाकूड दिसत असेल तर नव्या हातोड्या लागतील. कसर लागलेली बनात चाळणीसारखी दिसते आणि तळाशी भुसा सांडलेला असतो. खालची फळी काढल्यावर कोपऱ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी; पट्ट्यांखालच्या तक्तपोशीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून पोकळ आवाज येतो का पाहावे. पट्ट्यांखाली उंदराचे घरटे सापडणे नेहमीचे आहे, आणि त्याच्या मुताने आतले लोखंड कुजते.

पट्ट्यांचा भार नाण्यांनी तपासता येतो. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. उजवा पेडल दाबून धरावा आणि पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेला सात नाण्यांची चळत ठेवावी. चौपन्न ग्रॅमला पट्टी सावकाश खाली जायला हवी. दहा-बारा नाणी लागत असतील तर लहान बोटे थकतात, मनगट आखडते आणि मूल बसायला टाळाटाळ करते. मग घरची माणसे म्हणतात, आवडच नाही. एकाच पट्टीवर न थांबता निदान प्रत्येक सप्तकातल्या दोन-तीन पट्ट्यांवर हे करून पाहावे.

काही दोष मात्र दिसायला भयंकर आणि दुरुस्तीला सोपे असतात, त्यांना घाबरून चांगले वाद्य सोडू नये. आतल्या पांढऱ्या फिती कुजून लोंबत असतील तर त्या नव्या बसतात. पावसाळ्यात चारदोन पट्ट्या दबून राहतात, कारण पट्टीच्या छिद्रातली बनात फुगते. ती किंचित सैल केली की झाले. तिथे खोबरेल किंवा मशीनचे तेल सोडू नये. तेल बनातीत मुरले की ती पट्टी कायमची जड होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या बिघाडांत हा हातचा बिघाड फार आहे.

पुढच्या फळीवर पितळी मेणबत्तीदाने असलेले जुने विलायती पियानो बंगल्यांतून निघतात. शिसवी रंग, कोरीव पाय, बघताक्षणी मन बसते. अशा बऱ्याच पियानोंत डँपर, म्हणजे पट्टी सोडल्यावर तार दाबून आवाज थांबवणाऱ्या गाद्या, हातोड्यांच्या वर असतात आणि समोर डँपरच्या तारांचा पिंजरा दिसतो. असा पियानो आवाज लगेच थांबवत नाही, आणि जुळवताना ट्यूनरचा हात आत पोचत नाही. दिवाणखान्याची शोभा म्हणून ठेवावा. शिकणाऱ्या मुलासाठी घेऊ नये, फुकट मिळाला तरी. त्यातल्या काहींच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बारीक रेषांचा हस्तिदंत असतो, पुढचा रुंद तुकडा आणि मागची अरुंद पट्टी यांचा सांधा दिसतो. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे. अशा व्यवहाराआधी वनखात्याला लेखी विचारावे. त्यामानाने जपानी बनावटीचा, १२१ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच उभा पियानो आमच्या मते अधिक भरवशाचा. त्याचा क्रमांक चौकटीवर छापलेला असतो आणि त्यावरून बनावटीचे वर्ष काढता येते.

वाहतूक स्वस्त माणसावर सोपवू नये. उभा पियानो दोनशे ते अडीचशे किलोचा, आणि वजन बहुतेक मागच्या बाजूला, त्यामुळे तो मागे उलटतो. किमान चार माणसे, दोन पट्टे, चाकांची फळी आणि घोंगडी हवीत. छोटा हत्ती टेम्पो पुरतो, पण पियानो उभाच, केबिनला पाठ टेकवून बांधावा. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत जिन्याचे वळण आधी टेपने मोजावे. पियानो दीड मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर खोल असतो. लाकडी माळ्यावर चढवू नये, तळमजल्यावरच ठेवावा. जागा आतल्या भिंतीची, ऊन आणि खिडकीपासून दूर, भिंतीपासून वीतभर पुढे. जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट घरात चांगला पियानोही चार पावसाळ्यांत गंजेल, हे स्पष्ट सांगितलेले बरे. निपाणी, चिकोडी, अथणीकडे उलट त्रास, उन्हाळ्यात लाकूड तडकते. घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वाद्याला नव्या हवेत मुरू द्यावे, मगच जुळवावे.

हे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो: जुळवायला कोण येणार? मिरजेला तंबोरा-सतारीचे कसबी हात आहेत, पण पियानोचे काम वेगळे, आणि ते करणारे गल्लोगल्ली नाहीत. पहिल्या वर्षी तीन-चारदा आणि पुढे वर्षातून निदान दोनदा, एकदा दसऱ्यानंतर आणि एकदा होळीच्या सुमारास, वाद्य जुळवावेच लागते. ज्याला हा खर्च दरवर्षी झेपणार नाही त्याने ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. बेसूर खऱ्या पियानोपेक्षा सुरेल डिजिटल मुलाच्या कानाला शतपटीने बरा. ६१ हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र वर्षभरच पुरतो. त्यावर बोटाचा जोर नीट कळत नाही, आणि खर्ज-तार दोन्हीकडे पट्ट्या कमी पडतात.

यावर एक उपाय आहे आणि त्यासाठीच आपल्या दैनिकाची मदत हवी. एक पियानो जुळवायला दीड-दोन तास लागतात, म्हणजे दिवसात तीन होतात. बेळगाव, खानापूर आणि निपाणीतल्या पियानो असलेल्या घरांनी, शाळांनी आणि चर्चनी मिळून तारखा ठरवल्या तर ट्यूनरचा प्रवासखर्च पाच-सहा जणांत वाटला जाईल. आपण अशा घरांना नावे कळवण्याचे आवाहन छापावे, यादी जुळवण्याचे काम आम्ही करू. आणि ज्या शाळा-संस्था जुने पियानो ‘जसे आहे तसे’ म्हणून विकतात त्यांनी जाहिरातीत पांढरी सहाचा आकडा आणि शेवटचे कधी जुळवले ते वर्ष द्यावे. दोन शब्दांची जागा लागते, पण त्यावरून लांबच्या पालकाची एक फेरी वाचते.

ज्यांना यंदा घ्यायचा आहे त्यांनी बघणी मृगाच्या आत उरकावी. पावसाळ्यात ठोकळ्याचे लाकूड फुगते, ढिली खुंटीही घट्ट भासते, आणि खरी स्थिती पुढच्या मार्चमध्ये कळते.

आपले,
पियानो-पेटी दुरुस्ती करणारे,
शहापूर, बेळगाव