जुन्या मोटारींच्या नोंदवह्या रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या मोटारींच्या मेळाव्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकात दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांतील लखलखीत गाड्या वाचक कौतुकाने पाहतात. त्यांच्याइतक्याच मोलाच्या काही गाड्या आज वाड्यांच्या पडव्यांत आणि गिरण्यांच्या आवारांत ताडपत्रीखाली दुरुस्तीची वाट पाहत उभ्या आहेत. त्यांचा पत्रा गंजतो आहे हे सर्वांना दिसते. परंतु ती गाडी कोणाची, कोठून आली आणि तिच्यावर काय काय गुजरले हे सांगणारी कागदपत्रे त्याहून वेगाने नाहीशी होत आहेत. परिवहन खात्याचे, जुनी सरकारी दप्तरे सांभाळणाऱ्या पुराभिलेख संचालनालयाचे आणि अशा गाड्यांच्या मालकांचे तिकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरी १९२९ च्या बनावटीची सहा सिलिंडरची शेव्हरोले टूरर, म्हणजे कापडी टपाची उघडी मोटार, आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे आपला कारखाना सुरू केला आणि खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून त्या वर्षीच्या ४ डिसेंबरला तेथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. ती चार सिलिंडरची होती. पुढच्याच वर्षाच्या नमुन्यात कंपनीने १९४ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन आणले आणि चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर अशी त्याची जाहिरात केली. अमेरिकेत या एका वर्षाच्या १३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे तिकडचा संग्राहक आमच्या गाडीला दुर्मीळ म्हणणार नाही. पण शिवडीला जोडलेली, उजव्या हाताच्या सुकाणूची, कापडी टपाची आणि एवढी वर्षे याच प्रांतात राहिलेली गाडी ही वेगळी वस्तू आहे. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला आणि तेथे जोडलेल्या गाड्यांपैकी बहुतेक भंगारात गेल्या. मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा पुरावा म्हणून उरलेल्या गाड्यांकडे पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अशा गाडीचा इतिहास शोधताना पहिला साक्षीदार खुद्द गाडीच असते. शेव्हरोलेच्या इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठवलेली असते. तिच्यातील इंग्रजी अक्षर महिना दाखवते, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी याप्रमाणे. त्यापुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ती तारीख गाडीच्या वर्षाशी जुळत नसेल तर इंजिन बदललेले आहे असे समजावे, आणि आपल्याकडे ते वारंवार बदललेले आढळते. १९३७ पासून शेव्हरोलेला २१६ घनइंचांचे इंजिन आले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या शेव्हरोले ट्रकांनाही तेच होते, आणि युद्धानंतर ते ट्रक व त्यांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. जुन्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे आतल्या फिरत्या मुख्य दांड्याला, तीन मुख्य बेअरिंगे असतात, या नव्याला चार. तेवढ्यावरून जाणता फिटर ते खाली उतरवल्यावर लगेच ओळखतो. आमच्या गाडीचे इंजिन मूळचेच आहे, ही मोठीच भाग्याची गोष्ट.

बॉडीही बरेच काही सांगते. त्या काळी पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. त्यात एखादी पट्टी सागवानी निघाली तर ते काम बहुधा इकडच्या सुताराचे असते. रंगाचे थर अलगद उघडत गेले तर सर्वांत खाली ड्यूकोचा, म्हणजे कारखान्यात फवारलेल्या लॅकरचा, मूळ रंग सापडू शकतो आणि त्यावरच्या प्रत्येक थरामागे एक मालक किंवा एक प्रसंग असतो. मडगार्डांच्या आणि फूटबोर्डाच्या कडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा सापडल्या तर युद्धकाळातील ब्लॅकआउटची शक्यता तपासावी; दिवे झाकलेल्या अंधारात गाडी दिसावी म्हणून तेव्हा कडा पांढऱ्या रंगवत. मागच्या बाजूला नंतर पाडलेली बोल्टांची भोके असतील तर पेट्रोलच्या रेशनिंगच्या काळात तेथे कोळशाच्या गॅसचे यंत्र बसवले होते का, हे पाहावे. डॅशबोर्डावरची विक्रेत्याची पितळी पट्टी, रेडिएटरवरचा मोटार संघटनेचा बिल्ला, गादीच्या शिवणीत अडकलेली एखादी पावती, यांतले काहीही टाकाऊ नसते. आणि नेमके हेच सारे दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी नाहीसे होते. गाडी वर्कशॉपमध्ये गेली की पत्रा घासून उघडा करतात, खड्ड्यांत लांबी (पुटी) भरतात, लाकूड नवे बसवतात. त्यात कारागिराचा दोष नसतो, कारण त्याला सांगितलेलेच तेवढे असते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत कामाआधी गाडीचा अभ्यास आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद यांवर भर आहे. आपल्याकडच्या मालकांनी निदान रंगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि जुन्या थरांचा एखादा कोपरा तसाच राखावा, असा माझा आग्रह आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे कागद, आणि खरी अडचण तेथे आहे. दक्षिण महाराष्ट्रातील गाड्यांची कथा विशेष गुंतागुंतीची आहे. ब्रिटिश मुलखात १९१४ चा आणि पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता. पण सांगली, मिरज, औंध, फलटण, कोल्हापूर अशा संस्थानांचा कारभार स्वतंत्र होता. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर. त्यानंतर संस्थानी गाड्यांच्या नोंदी प्रांताच्या वह्यांत आल्या, १९६० मध्ये महाराष्ट्राच्या झाल्या आणि १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर एम.एच. ही अक्षरे आली. एकाच गाडीला आयुष्यात तीन-तीन क्रमांक मिळाले आणि प्रत्येक बदलाच्या वेळी मागची वही मागे राहिली. आमच्याकडे विलीनीकरणानंतरच्या आर.सी. बुकाची काही पाने आहेत. त्यांत आजोबांच्या आधीच्या मालकाचे नाव आणि संस्थानचा जुना क्रमांक स्पष्ट वाचता येतो. पण त्या क्रमांकावरून पहिल्या खरेदीपर्यंत जायचे तर संस्थानची वहीच हवी. एका कार्यालयात चौकशी केली असता जुन्या वह्या निर्लेखित झाल्या, म्हणजे निरुपयोगी ठरवून मोडीत काढल्या गेल्या, एवढेच तोंडी उत्तर मिळाले. त्या केव्हा, कोणाच्या आदेशाने आणि कोणाकडे गेल्या, याचा कागद मात्र कोणीही दाखवू शकले नाही.

हा केवळ हौशी माणसांचा प्रश्न असता तर आपल्या वृत्तपत्राची जागा मी मागितली नसती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही.ए. ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. हे नियम स्वागतार्ह आहेत आणि त्यांमागची दृष्टी योग्य आहे. परंतु अर्जासोबत आयात केलेल्या गाडीसाठी आयातीचे जकातपत्र आणि देशात नोंदलेल्या गाडीसाठी जुने आर.सी. बुक मागितले जाते. शिवडीला सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीचे स्वतंत्र जकातपत्र मालकाकडे असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचे आर.सी. बुक पुरात, वाळवीत किंवा वाटण्यांत गेले असेल तर तो मालक काय सादर करणार? गाडीचे मूळ रूप कोणते होते हेही पुराव्यानेच ठरायचे. म्हणजे ज्या वह्यांच्या आधारे हे नियम नीट चालावेत, त्याच आपण सांभाळलेल्या नाहीत.

आणखी एका गाडीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीवर 'मीरा' ही छोटी मोटार तयार केली आणि अनेक वर्षे खपून तिचे एकामागून एक नमुने रस्त्यावर आणले. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे हे काम आहे. त्या नमुन्यांच्या नोंदी, परवाने आणि पत्रव्यवहार एखाद्या सरकारी कपाटात असतील तर ते शोधून काढणे हे आपले कर्तव्य नाही काय?

माझी मागणी अवाजवी नाही. सरकारी नोंदींच्या जतनासाठी राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू आहे. परिवहन आयुक्तांनी सर्व प्रादेशिक कार्यालयांकडून १९८९ पूर्वीच्या नोंदवह्यांची यादी मागवावी, यादी पूर्ण होईपर्यंत एकही वही निर्लेखित करू नये, आणि ज्या वह्या दैनंदिन कामाच्या नाहीत त्या पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर येथील कार्यालयांकडे सोपवाव्यात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकालीन दप्तरे आहेत; त्यांतील मोटारविषयक रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वेगळे काढून त्यांची सूची प्रसिद्ध झाली तर अनेक गाड्यांचा शोध एका जागी बसून घेता येईल. त्या काळचे मालक आज हयात नाहीत, त्यामुळे खासगीपणाची सबबही येथे लागू होत नाही. जुने आर.सी. बुक हरवले असेल तर या वह्यांतील नोंदीची प्रमाणित नक्कल त्याऐवजी ग्राह्य धरावी, असे परिपत्रकही खात्याने काढावे.

ज्या वाचकांच्या घरी संस्थानी काळातील मोटारीचे परवाने, कराच्या पावत्या, शिवडीच्या कारखान्याची बिले किंवा क्रमांक दिसतील अशी जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती टाकून देऊ नयेत. त्यांच्या प्रती जवळच्या पुराभिलेखागारात किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्याव्यात. घरची गाडी केव्हाच विकली गेली असली तरी तो कागद दुसऱ्या कोणाच्या तरी उभ्या असलेल्या गाडीचा हरवलेला दुवा ठरू शकतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज