कृषी फीडरची गळती : सूत्राची चूक, खापर चोरीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजगळतीच्या बातम्यांत फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचा, टक्का ठळक छापून येतो. तो काढला कसा, हे येत नाही. उपकेंद्रातून गेलेल्या युनिटमधून बिलात आलेली युनिट वजा केली की एकूण गळती मिळते. तीतून तारांची आणि रोहित्रांची (ट्रान्सफॉर्मरची) हानी गणिताने काढून वजा करायची. उरेल ती चोरी किंवा मीटरचा दोष. म्हणजे तारांची हानी कमी धरली की चोरी कागदावर आपोआप वाढते. शेतीपंपांना वीज देणाऱ्या कृषी फीडरवर हे हमखास होते.

११ केव्हीचा १० किलोमीटरचा फीडर घ्या, तार ‘रॅबिट’ या जाडीची. तिचा रोध २० अंश तापमानाला किलोमीटरमागे ०.५४४९ ओहम. उपकेंद्रातून निघताना प्रवाह १०० अँपिअर. सगळे पंप शेवटच्या खांबावर असते तर तिन्ही तारांतली हानी ३ × १०० × १०० × ५.४४९ वॅट, म्हणजे १६३.५ किलोवॅट झाली असती. पंप लांबीभर सारखे विखुरलेले असले की प्रवाह वाटेत उतरत जातो, म्हणून तिसरा हिस्सा धरतात : ५४.५ किलोवॅट.

ही झाली कमाल भाराची हानी. तिच्यावरून दिवसाची युनिट काढायला लॉस लोड फॅक्टर (सरासरी हानी भागिले कमाल हानी) लागतो. लोड फॅक्टर म्हणजे सरासरी भार भागिले कमाल भार; त्यावरून लॉस लोड फॅक्टर काढायला ०.३ × लोड फॅक्टर + ०.७ × लोड फॅक्टरचा वर्ग हे सूत्र सर्रास वापरतात. गावातल्या घरांना वीज देणाऱ्या गावठाण फीडरला ते बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिथे भार सकाळ-संध्याकाळ चढतो-उतरतो. कृषी फीडर मात्र आठ तास जवळजवळ सपाट चालतो आणि नंतर बंद. २४ पैकी आठ तास, म्हणून लोड फॅक्टर ०.३३३; सूत्रात घातला की ०.१७८ मिळतो. प्रत्यक्षात पूर्ण हानी आठही तास होत असते, तेव्हा खरा आकडा ०.३३३ च. सूत्राने दिवसाची हानी २३३ युनिट, खरी ४३६. मधली २०३ युनिट रोज चोरीच्या खात्यात! पॉवर फॅक्टर (प्रवाहाचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८ असेल तर हा फीडर आठ तासांत सुमारे १२,२०० युनिट घेतो, म्हणजे हानी १.९ टक्के नसून ३.६ टक्के आहे.

आणखी दोन गोष्टी राहतात. रोध २० अंशाचा धरला, पण भर उन्हाळ्यात दुपारी तार ६० अंशांवर गेली तर तो १६ टक्क्यांनी वाढतो. दुसरे, उपकेंद्राबाहेरच्या पहिल्या तीन किलोमीटरवर बहुधा एकही पंप नसतो, त्या तुकड्यातून पूर्ण १०० अँपिअर जातात. तिसऱ्या हिश्शाचा नियम उरलेल्या सात किलोमीटरपुरताच. हे दोन्ही धरले की त्या दिवशीची हानी ८१० युनिटवर जाते, साडेसहा टक्क्यांच्या वर. आणि यात रोहित्रे नाहीत, रोहित्रापासून पंपापर्यंतच्या लघुदाब तारा नाहीत. तिथे तर फेजवर ९०, ६० आणि ३० अँपिअर असा असमान भार असला की न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, ५२ अँपिअर वाहतात. न्यूट्रलची तार फेजइतकीच जाड धरली तरी समान भाराच्या मानाने हानी ४२ टक्क्यांनी वाढते.

उपकेंद्रातला फीडर मीटरही तपासायला हवा. तिन्ही फेज वेगवेगळे मोजणाऱ्या तीन घटकांच्या मीटरचा एक पीटी फ्यूज (मीटरला दाब पुरवणाऱ्या छोट्या रोहित्राचा फ्यूज) उडाला की नोंद सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि गळती कमी, कधी चक्क उणे दिसते. बिघाडात शेजारच्या फीडरवरून भार घेतला असेल तर ती युनिट नोंदवहीत हवीत. मीटर नसलेल्या पंपांची ‘विक्री’ तर अश्वशक्ती आणि तास गृहीत धरूनच काढतात. ५ अश्वशक्तीचा पंप रोज किती तास चालला हे जो ठरवील, गळतीही तोच ठरवील.

तेव्हा पुढच्या वेळी टक्का छापताना आपल्या वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत : पुरवठा किती तास होता, तारांची हानी तुकड्या-तुकड्याने काढली की एका सूत्राने, आणि विकलेल्या युनिटपैकी मीटरवर मोजलेली किती?

— एक विद्युत अभियंता, सोलापूर