दुपारी फाटणारे चित्र आणि डेटाशीटचे दुसरे पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सीसीटीव्ही आणि व्हिडिओ स्विचरच्या दुरुस्तीवर लेख आला होता. बोर्डावरची व्हिडिओ स्विचिंग आयसी, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतून एकाचे चित्र निवडणारी चिप, बदलायची झाली तर ‘जास्त मेगाहर्ट्झची घ्यावी’, असे त्यात म्हटले आहे. सल्ला खोटा नाही, पण त्याने दुरुस्ती होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांतून येतो तो पाल या रंगीत टीव्ही पद्धतीचा कॉम्पोझिट सिग्नल, म्हणजे चित्र आणि रंग एकाच तारेतून. रंगाची माहिती त्यात ४.४३ मेगाहर्ट्झवर बसते आणि सगळा मामला पाच-सहा मेगाहर्ट्झमध्ये आटोपतो. बाजारात सहज मिळणारी पीआय५व्ही३३० ही चिप २०० मेगाहर्ट्झची, टीएस५व्ही३३० ही ३०० ची. कॉम्पोझिटच्या कामात या दोघींतला फरक डोळ्यांना दिसणे शक्य नाही. शिवाय तो आकडा उणे ३ डेसिबलचा असतो, म्हणजे त्या वारंवारतेला सिग्नल सुमारे ७१ टक्क्यांवर आलेला असतो. तिथपर्यंत सगळे सपाट आहे असे कुणी समजू नये.

डेटाशीटचे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाचे, पहिले पान ही जाहिरात असते. खरी माहिती पुढच्या तक्त्यात, त्यातही ‘टेस्ट कंडिशन’ या बारीक अक्षरांच्या रकान्यात असते. त्या तक्त्यात आम्ही सर्वांत आधी शोधतो ती ओळ म्हणजे ॲनालॉग सिग्नलची मर्यादा. ३३० जातीच्या चिपमध्ये ती ० ते २ व्होल्ट आहे. पुरवठा ५ व्होल्टचा, म्हणून सिग्नलही ५ पर्यंत चालेल असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. पण आतला स्विच एन-चॅनल मॉसफेटचा (गेट या टोकावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) आहे, वर जाताना तो गळपटतो. आणि खाली? तिथेच खरी गोम आहे.

कॉम्पोझिट सिग्नल १ व्होल्टचा: ०.३ सिंकचा (चित्राची प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या खुणेचा), ०.७ चित्राचा. कपॅसिटरमधून आला की त्याची सरासरी शून्यावर येऊन बसते. चित्र काळोखे असेल तर सिंकचे टोक शून्याच्या थोडेसेच खाली राहते. चित्र पांढरेफटक असेल तर तेच टोक उणे ०.८ व्होल्टच्या आसपास उतरते. चिपची कमाल सहनमर्यादा उणे ०.५ आहे. तिथे आतला डायोड वाहू लागतो, सिंक छाटला जातो आणि चित्र फाटते किंवा वर सरकू लागते. त्याच क्षणी बंद असलेला मॉसफेटही अर्धवट उघडतो, कारण त्याचे गेट शून्यावर आणि सोर्स त्याच्या खाली गेलेला असतो. मग दुसऱ्या कॅमेऱ्याची सावली या चित्रात डोकावते.

हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या जेटीकडे तोंड करून बसवलेल्या कॅमेऱ्यात हा दोष दुपारी बारा ते तीन या वेळात का दिसतो आणि संध्याकाळी आपोआप का जातो, हे यावरून कळेल. समोर समुद्राची चमक, बाजूला उन्हातली वाळू, सगळी चौकट पांढरी. लोक कॅमेरा बदलतात, केबल बदलतात, शेवटी ‘चिप डुप्लिकेट आहे’ असे ठरवतात. चिपचा काही दोष नसतो.

उपाय साधा आहे. कॅमेऱ्याच्या बाजूला ७५ ओहमचे टर्मिनेशन, म्हणजे तारेच्या शेवटी लावायचा रोध, जमिनीला (शून्य व्होल्टच्या रेषेला) ठेवावे. त्यानंतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक चिपकडे. चिपच्या इनपुटला ३९ किलोओहम ५ व्होल्टकडे आणि १० किलोओहम जमिनीकडे. सिग्नलची मधली रेषा १ व्होल्टला येते आणि सगळा खेळ ० ते २ च्या आत मावतो. इथे ०.१ मायक्रोफॅरड टाकून भागवू नये. वरच्या दोन रोधांचा, म्हणजे बायसचा, एकत्रित रोध सुमारे ८ किलोओहम, त्यावर ०.१ चा कट-ऑफ २०० हर्ट्झला पडतो (त्याखालचे गळते) आणि ५० हर्ट्झच्या फील्डमुळे चित्रावर वरून खाली गडद-फिकट उतार दिसतो. शिवाय हा बायस टिकवायचा तर स्विचनंतर थेट ७५ ओहम जोडता येत नाहीत, मध्ये बफर (सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा ॲम्प्लिफायर) लागतोच.

आता ऑन-रेझिस्टन्स, म्हणजे चालू स्विचचा स्वतःचा रोध. ३३० मध्ये तो साधारण ३ ओहम. ७५ च्या तारेत ३ ओहम आले तर पातळी २ टक्क्यांनी घटते, कुणाला कळतही नाही. त्याच जागी स्वस्तातली सीडी४०५३ बसवली तर ५ व्होल्टवर तिचा ठराविक रोध ४७० ओहम, कमाल १०५०. गणित केले तर चित्र चौथाईवर येते. ४०५३ वाईट नाही, पण ती उच्च रोधाच्या बफरच्या आधी शोभते, तारेच्या मधोमध नाही. दोन्ही चिप १६ पायांच्या, दोन्हींत १६ नंबरला पुरवठा आणि ८ नंबरला जमीन. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावली तर धूर निघत नाही आणि चूक लवकर सापडत नाही. मात्र ३३० चा पाय १५ म्हणजे इनेबल (जमिनीला नेला की चिप चालू), तर ४०५३ चा १५ म्हणजे एका स्विचचे सामाईक टोक. ४०५३ ला पाय ७ वर उणे पुरवठा देता येतो, ही तिची जमेची बाजू. तो उणे ५ ठेवला की सिंकची आधी सांगितलेली कटकट उरत नाही.

‘टिपिकल’ आणि ‘मॅक्सिमम’ हे दोन रकाने वेगळे का छापतात, याचे उत्तर वरच्या ४७० आणि १०५० मध्ये आहे. रचना नेहमी कमालवर करावी. ‘टिपिकल’ आकडा २५ अंशांचा असतो, आणि पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात २५ अंश कधीच नसतात.

क्रॉसटॉकचा, म्हणजे शेजारच्या कॅमेऱ्याचा सिग्नल आत झिरपण्याचा, आकडा वारंवारतेशिवाय वाचू नये. पीआय५व्ही३३० ला १० मेगाहर्ट्झला उणे ५८ डेसिबल दिला आहे, म्हणजे शेजारच्या १ व्होल्टमधले सव्वा मिलिव्होल्ट आत येतात. तेवढे दिसत नाही. उणे ४० असते तर १० मिलिव्होल्ट आले असते आणि गडद भागात सावली जाणवली असती. दुसऱ्या एखाद्या चिपचा आकडा १ मेगाहर्ट्झला मोजलेला असेल तर तो कितीही देखणा असो, त्याची याच्याशी तुलना होत नाही. वारंवारता दुप्पट झाली की क्रॉसटॉक ढोबळमानाने ६ डेसिबलने बिघडतो.

दशावताराच्या किंवा नमनाच्या चित्रीकरणात दोन-तीन कॅमेऱ्यांचे छोटे स्विचर वापरतात. त्यात बहुधा आत ॲम्प्लिफायर असलेली आयसी असते, ६ डेसिबल म्हणजे दुप्पट वाढ देणारी. ती दुप्पट अशासाठी की बाहेर जाताना ७५ ओहम मालिकेत आणि पलीकडे ७५ ओहम जमिनीला, यात सिग्नल निम्मा होतो. पलीकडचे टर्मिनेशन नसेल तर चित्र भगभगीत होते. उलट, वाढ न देणारी आयसी तिथे बसवली तर मळकट. आउटपुटचा कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा असतो, तो वाळला तर चित्राचा वरचा भाग वाकतो. आयसी उपटण्याआधी तो काढून मोजावा, अर्ध्याहून अधिक वेळा काम तिथेच संपते.

एचडीएमआयला यातले काहीच लागू नाही. १०८०पी ६० ला तिथे डेटाच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला १.४८५ गिगाबिट धावतात. त्यासाठी वेगळ्या, डिफरन्शियल (दोन तारांतल्या फरकाने सिग्नल नेणाऱ्या) १०० ओहमच्या चिप येतात. कोॲक्स केबलवरच्या ॲनालॉग एचडी कॅमेऱ्यांना मात्र बँडविड्थ खरोखर बघावी लागते, आणि विजेच्या भीतीने लावलेला संरक्षक डायोडही. ७५ आणि ७५ मिळून दिसणाऱ्या ३७.५ ओहमवर १०० पिकोफॅरडचा डायोड ४२ मेगाहर्ट्झला बांध घालतो. कॉम्पोझिटला चालेल, एचडीला नाही.

नंबराच्या शेवटची अक्षरे वाचल्याशिवाय माल मागवू नये. टेक्सासच्या भागात डी म्हणजे एसओआयसी, पायांतले अंतर १.२७ मिलिमीटर. डीबीक्यू म्हणजे क्यूएसओपी, ०.६३५. पीडब्ल्यू म्हणजे टीएसएसओपी, ०.६५. शेवटच्या दोन्हींत पायांचे अंतर जवळजवळ सारखे, पण अंगाची रुंदी ३.९ आणि ४.४, त्यामुळे एक दुसरीच्या पॅडवर नीट बसत नाही. हाताने काम करणाऱ्याने डी घ्यावी, उगाच बारीक काम अंगावर घेऊ नये.

आणि एक ओळ आपल्या किनाऱ्यासाठीच छापल्यासारखी आहे: एमएसएल, म्हणजे ओलाव्याची संवेदनशीलता. स्तर १ ला काळजी नाही. स्तर ३ ची पाकिटे फोडल्यावर १६८ तास चालतात, पण ते ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला. रत्नागिरी, मालवणात जून ते सप्टेंबर ६० टक्के आर्द्रता वातानुकूलित खोलीतच भेटते, तेव्हा तो अवधी इथे धरू नये. ओल प्यायलेल्या चिपवर हॉट एअर मारली की आतले पाणी वाफ होऊन अंगाला बारीक तडा जातो. चिप त्या दिवशी चालते, महिनाभराने रुसते. पाकिटातल्या आर्द्रता-कार्डाचा रंग बदलला असेल तर आधी चिप भाजावी. १२५ अंशांना भाजायचे तर चिप ज्या टेपमध्ये येते तिच्यातून काढून, कारण प्लॅस्टिकची टेप ते तापमान सोसत नाही. टेपसकट ठेवायची तर ४० अंश, कोरडी हवा आणि कित्येक दिवस. सोल्डरिंग आयर्नने एकेक पाय लावताना हा धोका फारसा नसतो, कारण अंग तेवढे तापत नाही.

खाऱ्या वाऱ्याने बोर्डावर जो थर बसतो, तो अनेक जण नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. मीठ त्यात नीट विरघळत नाही, फक्त पसरते. सिलेक्ट (कॅमेरा निवडणारा) आणि इनेबल या पायांना पुल-अप किंवा पुल-डाउन, म्हणजे पायाची पातळी बांधून ठेवणारा रोध, नसेल तर त्या थरातून झिरपणाऱ्या प्रवाहाने स्विच स्वतःहून कॅमेरे बदलत बसतो. तेव्हा आधी बॅटरी काढून डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुवावे, मग अल्कोहोलने पाणी हाकलावे, पूर्ण वाळवावे आणि बीएनसीची (कॅमेऱ्याची केबल जोडायच्या कनेक्टरची) तोंडे टेपने झाकून कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ लेप, मारावे. त्या पायांना १० किलोओहमचे रोध कोटिंगच्या आधी लावावेत, नंतर ते खरवडत बसावे लागते.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या व्यवसायातील तीन वाचक, रत्नागिरी