ज्या दुःखाला सुतक नाही

महोदय,

‘कोबाल्ट ब्लू’ची कथा पुण्याहून कोचीला नेल्यामुळे चित्रपट परका झाला, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे मत मला पटले नाही. गाव बदलल्याने नव्हे, निवेदन बदलल्याने नुकसान झाले.

सचिन कुंडलकर यांची २००६ ची कादंबरी अर्धी तनयची, अर्धी त्याच्या बहिणीची, अनुजाची. घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर दोघांचेही प्रेम. तो निघून जातो. अनुजाचे दुःख घराला दिसते, तिच्यासाठी धावपळ होते. तनयला कोणी काही विचारत नाही. त्याने काही गमावले आहे, हेच कोणाला ठाऊक नसते. तो गेलेल्यालाच ‘तू’ म्हणत बोलत राहतो. २०२२ च्या हिंदी-इंग्रजी चित्रपटात, पटकथा लेखकाचीच असूनही, दोन्ही धागे एकत्र विणले गेले आणि हे एकटेपण विरून गेले.

आमच्या अंबाजोगाईकडे कोणाच्या घरी मयत झाली की माणसे येऊन बसतात, भाकरी-पिठले शेजारून येते. पण ज्याला आपले नातेच सांगता आले नाही, त्याने कोणाच्या दारात बसावे? माझे एक सहकारी राख सावडायच्या दिवशीही शाळेत येऊन हजेरी घेत होते. कारण मला फार उशिरा कळले.

कादंबरी मराठी आहे. तिचा चित्रपट एकदा मराठीतही व्हावा आणि तनयचा भाग त्याच्या एकट्याचाच राहावा.

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)