युद्धकैदी होता, हा दाखला शत्रूकडून आणायचा का?

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या विजय दिवसाला, म्हणजे १६ डिसेंबरला, आपण आमच्या तालुक्याच्या गावी आला होता. माझ्या आईला आपण व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिले. तिला पायऱ्या चढवेनात तेव्हा स्वतः पुढे होऊन हात दिला, याचे आम्हाला अजूनही अप्रूप आहे. त्याच भाषणात आपण म्हणालात की, शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या जवानांची जिल्ह्यात वेगळी नोंद होईल आणि आईचे अडकलेले कुटुंब निवृत्तिवेतन महिनाभरात मोकळे होईल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मागच्या मंगळवारी त्या भाषणाचे फळ टपालाने घरी आले. आपल्या खात्याचे पत्र आहे आणि त्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवतो : ‘सदर व्यक्ती युद्धकैदी असल्याबाबत बंदिवान करणाऱ्या देशाच्या सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र साक्षांकित प्रतीसह पंधरा दिवसांत सादर करावे, अन्यथा प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल.’

महोदय, बंदिवान करणारा देश पाकिस्तान आहे. तिथल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, त्यावर किती रुपयांचे तिकीट चिकटवायचे आणि साक्षांकन अमळनेरला चालेल की लाहोरलाच जावे लागेल, एवढे कळवले असते तर उपकार झाले असते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, डिसेंबर १९७१ मध्ये जम्मूतल्या छांब आघाडीवर तोफखान्यात होते आणि तिथेच जखमी अवस्थेत पकडले गेले. घरी तार आली त्यात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. भाऊबंदांनी आईला बांगड्या उतरवायला सांगितल्या. तिने नकार दिला. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती आणि दादर ज्वारीच्या शेतात मजुरीला जात होती. पुढे तीन-साडेतीन महिन्यांनी रेड क्रॉसचे एक कार्ड आले. आबांना लिहिता येत नसल्यामुळे ते कुणी तरी हिंदीत लिहून दिले होते, आणि आईला वाचता येत नसल्यामुळे ते पोस्टमास्तरांनी ओट्यावर उभे राहून वाचून दाखवले. मजकूर असा की, मी ठीक आहे, बैल विकू नका. बैल तोवर विकला गेला होता.

जिनिव्हाच्या १९४९ च्या करारात लिहिले आहे की, कैदी छावणीत पोहोचल्यापासून आठवडाभरात त्याला घरी कार्ड पाठवू दिले पाहिजे, आणि लढाई थांबल्यावर त्याला विनाविलंब परत पाठवले पाहिजे. लढाई १७ डिसेंबर १९७१ ला थांबली. आबा वाघ्याच्या हद्दीवरून आत आले ते १ डिसेंबर १९७२ ला. मधले ३५० दिवस विनाविलंबच गेले म्हणायचे. (आपल्याकडचे ९३ हजार पाकिस्तानी कैदी तर १९७४ च्या एप्रिलपर्यंत परत जात होते. त्यांच्याही बायका दारात उभ्याच असतील, हे मी नाकारत नाही.)

त्या दिवसांबद्दल आबा फारसे बोलत नसत. जे बोलत, त्यात मार आणि उपास कमी असे, मोजणी जास्त असे. सकाळी एकदा आणि सूर्य मावळताना एकदा सगळ्यांना ओळीत उभे करीत. पाय सुजलेला असला तरी उभे राहायचे, ताप असला तरी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहायचे, आणि आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऑगस्ट १९७२ मध्ये आपल्या हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला पकडले गेले. ती गोष्ट पुढे आबा होते त्या लायलपूरच्या तुरुंगात सगळ्यांना ठाऊक झाली आणि आबा ती अभिमानाने सांगत. पण लगेच म्हणत, ‘आम्हाला पळता येत नव्हते, म्हणून आम्ही उभे राहिलो.’ पळण्याची गोष्ट सांगता येते. रोज दोनदा उभे राहण्याची गोष्ट कशी सांगणार, आणि ती आपल्या खात्याने कुठल्या रकान्यात भरायची?

दिवसांचा हिशेब राहावा म्हणून त्यांनी कांबळ्याचा एक धागा उसवून घेतला होता आणि त्याला रोज एक गाठ मारीत असत. सुरुवातीचे इस्पितळातले दिवस सुटले, नंतरचे सगळे त्यात आहेत. हा काळपट, तेलकट धागा आईने हळदीकुंकवाच्या डबीत ठेवला आहे. आपले पत्र आल्यावर मी त्या गाठी मोजायला बसलो. एकदा ३११ भरल्या आणि एकदा ३१२. साक्षांकनासाठी कुठला आकडा धरावा, तेही कळवावे.

घरी परतल्यानंतरही ते मोजतच राहिले. संध्याकाळी दाराची कडी लावण्याआधी आम्हा भावंडांना, आईला, शेळ्यांना आणि पाव्हणा असला तर पाव्हण्यालाही बोट दाखवून मोजत, आणि कुणी मारुतीच्या पारावर रेंगाळले असेल तर तो येईपर्यंत कडी लागत नसे. भाकरीचा चतकोर उशीखाली ठेवण्याची सवय त्यांना मरेपर्यंत होती. उंदीर होतात म्हणून आई कुरकुरत असे, पण तिने तो चतकोर कधी काढून टाकला नाही.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात बंदिवासाची नोंद आहे. छपराच्या गळतीने ते पान फुगले आणि शाई पसरली, एवढाच काय तो आमचा गुन्हा. या एका पानापायी मी अकरा खेपा घातल्या आहेत. कापूस वेचणीला आलेला असताना, मजूर शेतात सोडून, चार वेळा. एका टेबलावर मला विचारण्यात आले की ‘पकडले गेले म्हणजे शरण गेले का?’ विचारणारा मुलगा तिशीचा असेल. त्याच्यावर माझा राग नाही, कारण हा प्रश्न त्याचा नाही. परत आल्यावर आबांना आपल्याच लोकांनी चौकशीत तोच प्रश्न विचारला होता. धारातीर्थी पडलेल्याचा आपण पुतळा उभारतो, जिंकून आलेल्याच्या छातीला पदक लावतो आणि कैदेतून जिवंत परतलेल्याकडे मात्र खुलासा मागतो.

जे परत आले त्यांची ही कथा. जे आलेच नाहीत त्यांच्याबाबत सरकारचा आकडा तरी एक आहे का? १९७९ साली लोकसभेत चाळीस नावांची यादी ठेवली गेली. पुढे वर्षानुवर्षे चोपन्न हा आकडा बोलला गेला. अलीकडे संसदेत उत्तर मिळते ते त्र्याऐंशी बेपत्ता सैनिकांचे, आणि पाकिस्तान त्यांतला एकही मान्य करत नाही. २००७ मध्ये चौदा नातलग तिकडचे तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात, म्हणजे याद्या करता येतात, हे सिद्धच आहे.

आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बोरविहीरचा जवान चंदू चव्हाण २०१६ च्या सप्टेंबरात नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. ती बातमी ऐकून त्याच्या आजीने प्राण सोडला. तेव्हा संरक्षण राज्यमंत्री धुळ्याचेच होते, वर्तमानपत्रे रोज विचारत होती आणि तो २१ जानेवारी २०१७ ला परत आला. याचा आनंद अख्ख्या खान्देशाला झाला, मलाही झाला. ज्याच्या मागे कॅमेरा नाही त्याचे दिवस मात्र घरच्यांनीच मोजायचे, असा शासकीय नियम असेल तर तो राजपत्रात छापून टाकावा.

आमच्या आजूबाजूच्या चार गावांतून त्या लढाईला किती जण गेले, हे मी पारावरच्या म्हाताऱ्यांबरोबर बसून मोजले. तेहतीस भरले, एखाददुसरा इकडे तिकडे असेल. त्यांतले सात हयात आहेत. एका दुपारचे काम होते, महोदय. आपण जाहीर केलेल्या नोंदीचे एकही पान अजून उघडलेले नाही.

आईला मी पत्र वाचून दाखवले. ती काही वेळ गप्प बसली आणि मग आमच्या अहिराणीत म्हणाली, ‘तठे दुश्मन रोज मोजेत, आठे आपलाच मोजतस नई.’

पंधरा दिवसांची मुदत येत्या मंगळवारी संपते. डिस्चार्ज बुकाची आणि रेड क्रॉसच्या कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, बाराव्यांदा. गाठींचा धागा पाठवणार नाही. आपल्या खात्याला तो तपासायचा असेल तर माणूस घरी पाठवावा, दिवसाउजेडी. संध्याकाळी सातला आई घरातली माणसे मोजून कडी लावते.

कळावे,

आपला,
एका युद्धकैद्याचा मुलगा
ता. अमळनेर, जि. जळगाव