सहा पानांची पंगत : नाशिकच्या सातपूरमधल्या मिस्त्रीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आलो की तुम्ही "पुरे रे" म्हणून चहा मागवता आणि आभाराचं राहूनच जातं. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांसमोर लिहितोय. जुनी गाडी सांभाळणाऱ्या आणखी कोणाचं तरी डोकं तुमच्या शिकवणीने शांत होईल.

आजोबांची 1951 ची शेवरलेट. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता, तिथे जोडलेली. एका रांगेत सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन आणि या सगळ्यांना मिळून हवेत पेट्रोल मिसळून देणारा एकच कार्बोरेटर. दोन लावायची हौस माझी. 1953 च्या कॉर्व्हेटवर कंपनीनेच याच घराण्यातल्या 235 घनइंची इंजिनाला तीन कार्टर कार्बोरेटर देऊन 150 हॉर्सपॉवर काढली होती. ते वाचल्यापासून मला चैन नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. पाच महिने गेले, पैसे गेले आणि हाती आलं ते कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणारं चौकोनी पाइपाचं मॅनिफोल्ड, वर दोन सोलेक्स कार्बोरेटर आणि ठसके खाणारी गाडी. विचारलं की एकच उत्तर, मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोठं छिद्र, टाका. टाकले. पेट्रोल वाढलं, ठसके तसेच. आजोबांची चालती गाडी आपण हाताने बिघडवली, या विचाराने मला रात्री झोप लागत नसे.

डिसेंबरच्या थंडीत कशीबशी ती तुमच्या शेडपर्यंत आणली. तुम्ही कार्बोरेटरला हातही लावला नाहीत. सहाही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेत. मधले दोन काजळीने काळे, म्हणजे पेट्रोल जास्त; टोकांचे पांढरेफटक, म्हणजे कमी. "जेटचं नंतर," म्हणालात, "आधी पंगत बघू. वाढपी मधेच घुटमळला तर टोकाच्या पानावर काय पडणार?"

मग खडू घेऊन फरशीवर तुम्ही जे काढलंत ते मी वहीत उतरवून घेतलंय. या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, सहा सिलिंडर असून मिश्रण आत घेणारी तोंडं तीनच. एक-दोन, तीन-चार आणि पाच-सहा अशा जोड्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. म्हणजे मधल्या तोंडातून क्रँकच्या दर 360 अंशांनी, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याने, एक घोट जातो, अगदी ठरल्यासारखा. टोकांच्या तोंडांतून मात्र 240 अंशांत दुसरा घोट आणि मग 480 अंश उपास. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांसारखं, पहिल्याने ओढलं की दुसऱ्याला लगेच हवं. इतकी वर्षं या इंजिनाशेजारी वावरलो, पण त्याची भूक अशी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खरा दोष मात्र त्याहून साधा निघाला. या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणाऱ्या) आणि एग्झॉस्ट (धूर बाहेर नेणाऱ्या) मॅनिफोल्डच्या शेजारशेजारच्या फ्लँजा, म्हणजे हेडला टेकणाऱ्या कडा, एकाच जाड वॉशरखाली दाबल्या जातात. नव्या मॅनिफोल्डची फ्लँज एग्झॉस्टपेक्षा पातळ होती. वॉशर एग्झॉस्टवर टेकायचा आणि इनटेक नुसती उभी. टोकाच्या फ्लँजमागे तुम्ही फट मोजायच्या फिलर गेजचं पंधरा थाऊचं, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीचं, पान सरकवलंत, ते सहज आत गेलं. तिथून फुकटची हवा ओढली जात होती आणि मी तिकडे जेटवर जेट बदलत होतो!

फ्लँजांवर वेल्ड चढवून, दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र कसून मिलिंगवर एकाच कटात तोंडं सपाट केलीत. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग लावून घासून पाहिलंत, एका कोपऱ्याला रंग लागला नाही म्हणून पुन्हा कट घेतलात. मी म्हणालो, "चालेल की काका." तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत.

आणि तो पाइप! दहा मिनिटं इंजिन चालवून माझा हात तुम्ही मॅनिफोल्डवर ठेवलात. माठासारखं गार, वर दव धरलेलं. जुनं मॅनिफोल्ड एग्झॉस्टवर बसून खालून ऊब घ्यायचं, या पाइपाला ती नव्हतीच. उडालेलं पेट्रोल पुन्हा भिंतीला थेंब होऊन चिकटत होतं. तुम्ही दोन्ही कार्बोरेटरखाली पत्र्याची छोटी पेटी वेल्ड केलीत आणि इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरवलंत. सकाळचा त्रास तिथेच संपला.

थ्रॉटलच्या स्पिंडलला, म्हणजे कार्बोरेटरची झडप फिरवणाऱ्या दांडीला, पितळी बुश घातलेत, ते वेगळंच. शेवटी रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग त्या. दोघांची हवा सारखी यावी म्हणून डोळे मिटून फुसफुस ऐकत स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मला ऐकायला दिलंत तेव्हा आधी काहीच फरक कळेना. पाचव्या-सहाव्या वेळी कळला. तो क्षण मी विसरणार नाही.

तुमची ताकीदही लक्षात आहे. "श्वास वाढलाय, हाडं जुनीच आहेत." पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ओतलेलं व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातू, आणि तिथे तेल शिंपडूनच पोचतं. म्हणून तीन हजारांवर आरपीएम (मिनिटाला फेरे) नेत नाही.

परवा इगतपुरीवरून कसारा घाट उतरलो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर, खाली हवा जड होते आणि मिक्स्चर लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून प्लग खालीच बघायचे असं तुम्ही बजावलं होतंत. घाटाच्या पायथ्याशी गाडी थंड होऊ दिली आणि सहाही प्लग काढले. सगळे एका रंगाचे, भाजलेल्या रव्यासारखे. मग घाट चढलो, एकही ठसका नाही. वर आल्यावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आजोबा शेजारी असते तर, असं वाटलं.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत, मिलिंगवाल्याचे पैसे तेवढे द्यायला लावलेत. काकूंना एकदा या गाडीतून त्र्यंबकला जायचंय, असं बोलता बोलता म्हणाला होतात. रविवारी सकाळी सातला येतो. मागची सीट साफ करून ठेवलीय.

तुमचा,
शेवरलेटवाला