ऑगस्टच्या उत्सवाआधी सभागृहाचे स्वयंपाकघर दुरुस्त करण्यासाठी आवाहन

विनिपेग आणि परिसरातील सर्व मराठी कुटुंबांस,

स.न.वि.वि.

विनिपेगच्या उत्तरेस सुमारे 90 किलोमीटरवर, विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरील गिमली येथे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून ‘ईस्लेंडिंगादागुरिन्न’, म्हणजे आइसलँडकरांचा दिवस, साजरा होतो. मिरवणूक पाहण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण मुलाबाळांसह तेथे जातात. त्या दिवसांत जे खाल्ले जाते त्यातील काही भाग गिमलीजवळच्या आमच्या छोट्या सभागृहात आधी महिनाभर तयार होत असतो, आणि ते स्वयंपाकघर यंदा दुरुस्तीविना चालणार नाही. सभागृहाच्या कार्यकारी समितीत आम्ही दोन मराठी सभासद आहोत. समितीच्या वतीने हे पत्र आम्ही लिहीत आहोत.

आइसलँडमधील वस्तीला 1874 साली हजार वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी डेन्मार्कचा राजा नववा क्रिश्चन याने त्या देशाला राज्यघटना दिली. 2 ऑगस्ट हा दिवस तेव्हापासून मोठा मानला गेला. पुढच्याच वर्षी, 21 ऑक्टोबर 1875 रोजी, आइसलँडमधून आलेल्या कुटुंबांची पहिली तुकडी गिमलीलगत विलो पॉइंट येथे उतरली. 1876 मध्ये त्याहून कितीतरी मोठी तुकडी आली, आणि तिच्यातील अनेकांची कुरणे आस्क्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली होती. त्या हिवाळ्यात देवीची साथ आली. शंभरांहून अधिक वसाहतकरी दगावले, आणि ज्यांच्या भूमीवर ही वसाहत बसवली गेली त्या मूळ रहिवाशांच्या वस्त्याही उजाड झाल्या. ही दुसरी बाजू आमच्या भागात पुष्कळ काळ दबक्या आवाजातच सांगितली जात असे. उत्सवाची सुरुवात 1890 साली विनिपेगमध्ये झाली आणि 1932 पासून तो गिमलीत होऊ लागला. हिरवा झगा व सोनेरी मुकुट घातलेली ‘फ्यालकोना’, म्हणजे आइसलँडचे मूर्त रूप मानलेली पर्वतस्त्री, आजही त्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहते.

मायदेशात मात्र 1944 साली प्रजासत्ताक झाल्यावर राष्ट्रीय दिन 17 जूनला गेला. येथील लोकांनी ऑगस्ट सोडला नाही. तीच गोष्ट आमच्या सभागृहात तयार होणाऱ्या ‘वीनारटेर्टा’ या थरांच्या केकची. नाव व्हिएन्नाचे, पण येथील घराघरांत तो आपल्या आजीचाच पदार्थ आहे. सुके आलुबुखार शिजवून, वाटून, घोटून गर करायचा, त्यात वेलदोड्याची पूड घालायची, पातळ लाटून भाजलेल्या पोळ्यांवर तो पसरायचा आणि असे बहुधा सात थर रचून केक काही दिवस मुरू द्यायचा, म्हणजे कडक थर मऊ पडतात. वरून साखरेचा लेप द्यावा की देऊ नये, यावर एकाच कुटुंबात दोन तट पडलेले आम्ही पाहिले आहेत. पुरणात जायफळ की वेलदोडा हा वाद ज्यांच्या घरी चालतो त्यांना याचे नवल वाटणार नाही. ज्यांनी पुरण वाटले आहे त्यांना हे काम फारसे शिकवावेही लागत नाही.

अडचण अशी आहे की दोन भट्ट्यांपैकी एक पूर्णपणे बंद पडली आहे आणि दुसरीचे तापमान स्थिर राहत नाही, त्यामुळे पोळ्या एका कडेला करपतात. धूर ओढणारा पंखा तर आपल्यापैकी काहींच्या परिचयाचाच आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या सभागृहात झालेल्या मुंजीत पुऱ्या तळताना तो बंद पडला आणि यजमानांना कढई अंगणात हलवावी लागली. भट्टी, पंखा आणि विजेच्या तारा बदलण्याचा अंदाजित खर्च 18,000 डॉलर असून त्यातील 11,000 डॉलर समितीने जमवले आहेत. उरलेल्या रकमेसाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, अशी नम्र विनंती आहे. समिती नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसल्यामुळे करसवलतीची पावती देता येणार नाही. साधी पावती मात्र प्रत्येकास मिळेल, आणि हिशेब सभागृहाच्या फलकावर लावला जाईल.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. आजवर हे काम ज्या आज्यांनी ओढले त्यांपैकी बहुतेकींना आता तासन्‌तास उभे राहून लाटणे जमत नाही. बसून सांगणे मात्र त्यांना जमते, आणि आवडतेही. जुलैमधील प्रत्येक शनिवारी सकाळी नऊपासून दुपारपर्यंत सभागृहात काम चालेल. एक शनिवार जरी आलात तरी चालेल. येताना एप्रन आणि शक्य असल्यास स्वतःचे लाटणे आणावे. गर वाटण्यासाठी पुरणयंत्र असल्यास तेही आणावे, कारण आमचे हाताने फिरवायचे यंत्र मोडकळीस आले आहे. वेलदोडे देणार असाल तर अख्खे हिरवे द्यावेत. तयार पूड कृपया नको, तिचा वास थर मुरेपर्यंत टिकत नाही.

देणगी सभागृहाच्या खजिनदारांकडे धनादेशाने किंवा रोख देता येईल. भट्टी बसवण्यास दोन आठवडे लागणार असल्याने देणगी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचावी.

आपली नम्र,
कार्यकारी समिती